डावीकडं, खाली

फॉर्मवर दोनच चौकोन आहेत.
तयार. तयार नाही.
तिसरा असता तर मी एव्हाना जेवून झोपले असते.

रात्री दहापर्यंत कळवा म्हणालेत.
वरच्या लीगमधल्या संघाची दुसरी गोलकीपर
गुडघा धरून बसलीय,
आणि फलटणात एक पोरगी आहे असं
कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंय.
कुणीतरी म्हणजे मीच.
मार्चमध्ये, चहा पिताना, जरा फुशारकीत.

आरजू मुलाणी. वय सतरा वर्षं चार महिने.
पॅड तिच्याआधी तिघींनी वापरलेले.
डाव्या पायाचा पट्टा तुटला तेव्हा
वडलांनी फॅनबेल्टचा तुकडा शिवून दिला.
बाकीचे सगळे पट्टे सुटतात, तो सुटत नाही.

वही उघडते.
अकरा सामने, चार गोल.
हे आकडे कुणालाही फसवतील.
आमचं मैदान मातीचं. चेंडू खड्यावर आदळतो,
उडतो, दमतो,
पोचेपर्यंत विचार करायला वेळ देतो.
तिकडं निळं टर्फ, पाणी मारलेलं.
पेनल्टी कॉर्नरला ड्रॅगफ्लिक सुटली की
‘आली’ म्हणायच्या आत जाळी हललेली असते.

आणि ती डावीकडं, खाली, हळू आहे.
फार नाही. पापणी लवते तेवढी.
इथं कुणाच्या ध्यानात येत नाही.
तिथं पहिल्याच सामन्यात, मध्यंतराच्या आत,
व्हिडिओ बघत बसलेला कुणी चष्मेवाला
कागदावर लिहून पुढं सरकवेल.

दोन वर्षांमागं दीपांजलीला म्हणाले होते,
अजून एक वर्ष थांब, पक्की हो.
ती थांबली. घरचे थांबले नाहीत.
आता लोणंदला असते. बाजारात भेटली की
पोराला पुढं ढकलते, बाईंना नमस्कार कर.
त्या नमस्काराला काय म्हणायचं
मला अजून जमलेलं नाही.

म्हणून आज पाच वाजता बादलीभर चेंडू घेऊन गेले.
गोलात ती. सर्कलच्या कडेला मी,
खांदा दुखरा, पण हात अजून बेइमान झालेला नाही.
सगळे चेंडू डावीकडं. खाली.
पहिले सहा आत गेले.
सातव्याला ती अर्धं पाऊल सरकली,
उजवीकडं हातभर जागा उघडी टाकून उभी राहिली,
दुपारच्याला दुकानदार एक फळी
काढून ठेवतो तशी.
मला कळत होतं. तरी तिथंच मारला.
तिनं उजव्या पायानं तो कुंपणापर्यंत काढला.
पुन्हा मारला. पुन्हा काढला.
मग मी हट्टानं डावीकडं मारला,
तो मात्र गेला.

हेल्मेट काढून आली. कपाळावर फोमचा वळ.
‘बाई, डावीकडं मी उशिरा पोचते.
फार्मवर लिवलंय का तुमी?’
‘तुला कधीपासनं माहीत?’
‘आठवीपासनं.’
‘मग बोलली का नाहीस?’
‘तुमी बोलताय का ते बघत हुते.’

पावणेदहा.
ताटात भाकरी वाळलीय.
पेन एकदा दुसऱ्या चौकोनावर टेकवलं, उचललं.
तिथं निळा ठिपका राहिला, तो तसाच राहू दे.
पहिल्यात खूण केली.
खाली शेऱ्यासाठी एकच ओळ होती, त्यात लिहिलं:
डावीकडं खाली उशीर होतो. तिला ठाऊक आहे.
फोटो काढला, पाठवला,
मग उगाच दोनदा बघितलं, गेलाय का.

सोमवारी सहाची पुणे गाडी.
पॅडांचं पोतं कंडक्टर आत घेईना.
वडील म्हणाले, टपावर टाका.
ती म्हणाली, नाही.
शेवटी त्यानं सामानाचं तिकीट फाडलं.
गाडी हलली, मी हात केला.
तिनं नाही केला.
दोन्ही हातांनी पोतं धरलं होतं.